आधी प्लग काढा, कॅटकॉनचं नंतर बघू

दादा, सप्रेम नमस्कार.

मी कराडला शाळेत शिकवते. माझ्याकडे २०१३ सालची पेट्रोल हॅचबॅक आहे, बाराशे सीसीची. २०२२ मध्ये चिपळूणला माहेरच्या ओळखीतून जुनी घेतली. आता १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. गेल्या जूनपासून इंजिनाचा पिवळा दिवा लागतोय. गॅरेजमध्ये मशीन लावलं, 'पी ०४२०' असा कोड आला. ते म्हणाले, कॅटकॉन (धूर साफ करणारा कॅटालिटिक कन्व्हर्टर) गेला, नवीन ३८ हजारांना बसेल. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं, एवढे पैसे कशाला घालवता, आतली जाळी फोडून रिकामा करून देतो, पंधराशेत काम होईल. दिवा पुसून दिला की आठ-दहा दिवसांनी परत लागतो. चिपळूणहून येताना कुंभार्ली घाटात गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, आणि चढावर हा दिवा मध्येच लुकलुकतो, मग स्थिर होतो. उभी असताना किंचित थरथरते. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये दोन-तीनदा अर्धा-अर्धा लिटर ऑईल टाकावं लागतं. पीयूसीला नापास झाली, पावतीचा फोटो जोडलाय. पीयूसीवाले आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवरच आहेत. गेल्या पावसाळ्यात बॅटरी कमजोर होती तेव्हा चार-पाच वेळा ढकलून चालू केली होती. स्पार्क प्लग मी गाडी घेतल्यापासून बदललेले आठवत नाहीत. आता ३८ हजार घालू की फोडून घेऊ?

*

ताई, आत्ता यातलं काहीच करू नका. गाडी पळते आहे, तुमचं रोजचं शाळेचं जाणं-येणं सुरू ठेवा, पण पुढच्या वेळी कुंभार्ली चढायच्या आधी मी सांगतो तेवढं करून घ्या. एकच विनंती, दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नका. पाय हलका करा, जमलं तर बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबा.

असं का म्हणतो ते सांगतो. अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, ते या लुकलुकण्याचं. पी ०४२० म्हणजे कॅटकॉन नीट साफ करत नाही असा कोड, त्यामुळे दिवा लुकलुकत नाही. त्या कोडचा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. दिवा लुकलुकतो तो इंजिन मिसिंग मारत असताना, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल गेलं, पण ठिणगी नीट पडली नाही आणि ते न जळता सायलेन्सरकडे निघालं, अशा वेळी. आणि हे प्रमाण इतकं वाढलं की कॅटकॉनलाच धोका आहे, तेव्हाच गाडीतला कॉम्प्युटर दिवा लुकलुकवतो. गाडी तुम्हाला घाटात सांगत होती की आत्ता, या क्षणी, कॅटकॉन भाजून निघतोय. गॅरेजमध्ये मशीनवर एक कोड वाचला गेला आणि तिथेच निदान संपलं. त्यामागे दुसरा कोड होता का, पी ०३०० ते पी ०३०४ या मिसिंगच्या कोडांपैकी काही (०३०१ ते ०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलेंडरचा), हे कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं तर तुम्हाला सांगितलं नाही.

कॅटकॉन म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. स्टीलच्या डब्यात चिनी मातीसारख्या पदार्थाची एक वीट असते. तिला मधमाशांच्या पोळ्यासारखी आरपार बारीक छिद्रं, एका चौरस इंचात साधारण चारशे. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम हे महाग धातू, सगळे मिळून काही ग्रॅम. धूर या छिद्रांतून जाताना कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल जळून जातं, नायट्रोजनची ऑक्साइडं मोडतात. हे काम सुरू व्हायला वीट अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसला तापावी लागते. चालत्या गाडीत ती चारशे ते आठशे अंशांत आरामात राहते. पण न जळलेलं पेट्रोल आत शिरलं की ते तिथेच पेटतं, आणि तापमान चौदाशेच्या आसपास गेलं तर वीट वितळायला लागते.

वितळलेली वीट मी पुष्कळदा हातात घेतली आहे. एका बाजूने बघितलं तर छिद्रं स्वच्छ, सरळ, पलीकडचा उजेड दिसतो. तीच वीट फिरवून दुसरीकडून बघितली की मधोमध तळहाताएवढा भाग गुळाच्या पाकासारखा ओघळून बसलेला, काचेसारखा चकचकीत, त्यात एकही छिद्र शिल्लक नाही. इंजिनाला श्वास सोडायला कडेची थोडी जागा उरलेली असते. अशी गाडी सपाटीवर साठच्या वेगाने काही तक्रार न करता जाते आणि घाटाच्या दुसऱ्या वळणाला मान टाकते.

म्हणून कॅटकॉन 'गेला' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कसा गेला? लेप मेला, की वीट तुंबली? ही दोन वेगळी दुखणी आहेत. लेप मेला असेल तर गाडीच्या ताकदीत काही फरक पडत नाही. दिवा लागतो, पीयूसी नापास होते, पण पिकअप तसाच राहतो. वीट तुंबली तर पिकअप जातो, गाडी तीन हजार आरपीएमच्या पुढे रडत रडत चढते, बॉनेटखाली नेहमीपेक्षा जास्त उष्णता जाणवते, आणि जितकी लांब चालवाल तितकं वाढतं. तिसरा प्रकार म्हणजे वीट फुटून डब्यात सुटी होणं. थंड गाडीखाली जाऊन डब्यावर रबरी हातोडीने किंवा मुठीने हलकेच ठोका. आत दगड भरलेल्या डब्यासारखं खुळखुळलं तर तिथे शंकेला जागा नाही. पाण्याच्या डबक्यात तापलेला डबा एकदम बुडाला किंवा स्पीडब्रेकरवर खाली घासला की असं होतं.

आता तुमच्याकडे पिकअप कमी झालाय आणि थरथरही आहे. पिकअप तुंबलेल्या विटेमुळे जातो, तसाच मिसिंगमुळेही जातो. चारांतला एक सिलेंडर अर्धवट काम करत असेल तर कुंभार्लीचा चढ जाणवणारच. म्हणून मिसिंग आधी मिटवायचं, मग उरलं काय ते बघायचं.

पीयूसीची पावती तुम्ही जोडली हे फार बरं केलंत. बहुतेक लोक ती पावती पास-नापास एवढंच बघून ग्लोव्ह बॉक्समध्ये कोंबतात, पण शंभर-दीडशे रुपयांत इंजिनाचा रक्त तपासणीचा अहवाल मिळतो तो हाच. तुमच्या पावतीवर आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.४८ टक्के आहे, बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३. एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, ३४० पीपीएम (दहा लाखांत ३४० भाग), मर्यादा २००. रेस वाढवून, म्हणजे अडीच हजार आरपीएमच्या आसपास, सीओ ०.३१, मर्यादा ०.२. आणि लॅम्डा १.०१, जो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. लॅम्डा म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण बरोबर आहे की नाही याचा आकडा. तो तुमच्याकडे ठीक आहे, म्हणजे गाडी फाजील पेट्रोल पीत नाही. मिश्रण बरोबर असूनही सीओ आणि एचसी दोन्ही वर राहतात, याचा अर्थ साफ करणारा थकलाय, किंवा साफ करायला तापलेलाच नव्हता.

हा दुसरा भाग विसरू नका. पीयूसी केंद्र घरापासून दोन गल्ल्यांवर. गाडी काढली, पाच मिनिटांत पोहोचलात, नळी घातली. तेवढ्यात कॅटकॉन काय तापणार? पुढच्या वेळी हायवेला लागून पंधरा-वीस किलोमीटर चालवा, इंजिन बंद न करता थेट केंद्रावर या आणि रांग असेल तर रेस थोडी धरून उभ्या राहा. कितीतरी नापास गाड्या मी एवढ्यावर पास होताना पाहिल्यात. एचसी जास्त आणि सीओ कमी असतं तर मी फक्त मिसिंग म्हटलं असतं. सीओ जास्त आणि लॅम्डा एकच्या खाली असता तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर किंवा पेट्रोल फवारणारा इंजेक्टर गळका म्हटलं असतं. तुमच्याकडे दोन्ही वर आहेत, म्हणून कॅटकॉन थोडाफार थकलाय हे मलाही वाटतं. पण किती, ते गरम गाडीची पावती बघूनच ठरवायचं.

आता कामाचा क्रम.

पहिलं काम प्लग. साधे निकेलचे प्लग ३०-४० हजार किलोमीटरचे सोबती असतात. तुमचे कधीचे आहेत कुणाला ठाऊक. मेकॅनिकला सांगा, चारही काढा आणि जुन्या वर्तमानपत्रावर एक-दोन-तीन-चार अशा क्रमाने मांडा. तुम्ही स्वतः बघा, यात काही गुपित नाही. सगळ्यांची टोकं फिकट तपकिरी असतील तर ठणठणीत. एखादा कोरड्या काजळीने काळा असेल तर तिथे पेट्रोल जास्त जातंय. तेलकट ओला असेल तर त्या सिलेंडरमध्ये ऑईल उतरतंय. पेट्रोलचा वास मारणारा ओला असेल तर ठिणगीच पडत नाही. ज्या क्रमांकाचा प्लग वेगळा दिसेल त्याची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग, दुसऱ्या सिलेंडरवर लावून गाडी फिरवा. पी ०३०२ होता आणि कॉइल तिसऱ्यावर नेल्यावर पी ०३०३ झाला, तर कॉइल चोर. कोड जागचा हलला नाही तर कॉइल निर्दोष, पुढे इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळायचं.

कॉइल काढलेलीच असते तेव्हा तिच्या वायरच्या जोडाकडे टॉर्च मारून बघा. तुम्ही गाडी २०२२ मध्ये चिपळूणहून घेतलीत. २२ जुलै २०२१ चा पूर आठवतोय ना? बाजारपेठेत, घरांच्या अंगणात उभ्या असलेल्या कितीतरी गाड्या तेव्हा पाण्याखाली गेल्या. तुमची गाडी त्यातली आहे असं मी म्हणत नाही. पण बघायला पैसे पडत नाहीत. ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या भागावर मातकट रेघ आहे का बघा. सीटच्या रुळाच्या खोबणीत वाळलेला गाळ आहे का, गालिच्याखालचा पत्रा गंजलाय का. पुराच्या गाळाने वीट तुंबली असती तर पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच कळलं असतं, इतकी वर्षं लागली नसती. पण जोडांमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज हळूहळू चढतो, आणि तो मिसिंगला पुरेसा असतो.

दुसरं काम ऑईलचं. दोन सर्व्हिसिंगमध्ये लिटर-दीड लिटर ऑईल गाडी खात असेल तर ते जातं कुठे? जळून कॅटकॉनमध्येच. इंजिन ऑईलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त आणि फॉस्फरसचं संयुग घातलेलं असतं. इंजिनाला ते औषध, कॅटकॉनच्या लेपाला ते विष. फॉस्फरस लेपावर काचेसारखा थर करून बसतो आणि आतले धातू झाकले जातात. पूर्वी हेच काम शिसं करायचं. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटकॉन सक्तीचा झाला, तेव्हा बिनशिशाचं पेट्रोल मोजक्या पंपांवर मिळायचं, आणि मुंबईची नवी गाडी घेऊन गावाला निघालेला माणूस वाटेत असा पंप कुठे आहे ते आधी विचारून ठेवायचा. २००० साली शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं आणि तो प्रश्न मिटला. ऑईलचा प्रश्न मात्र प्रत्येक म्हाताऱ्या इंजिनात नव्याने येतो.

ऑईल कुठून उतरतंय हे बघायला तुमच्याकडे फुकटची प्रयोगशाळा आहे. कराडहून पाटण, कोयनानगर करत चिपळूणला जाताना घाट उतरायचा असतो. मिस्टरांना किंवा भावाला मागून दुसऱ्या गाडीत ठेवा. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये रेसवरून पाय पूर्ण काढून गाडी अर्धा-एक मिनिट तशीच उतरू द्या. मग सुरक्षित, सरळ जागा बघून रेस द्या. त्या क्षणी मागच्याला निळसर धुराचा भपका दिसला तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे ऑईल सिलेंडरमध्ये उतरू न देणारी रबरी सील, कडक झाली आहेत. उतारावर इंजिन जोराने ओढून घेतं आणि ऑईल सीलमधून खाली झिरपतं. सकाळी पहिल्यांदा चालू करताना असाच निळा धूर येतो. चढावर ताकद लावताना सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, ते मोठं काम. सील बदलणं त्यामानाने आटोपशीर आहे, आणि नव्या कॅटकॉनच्या किमतीपुढे तर किरकोळच.

इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शेतकरी गिऱ्हाइकाच्या गाडीचा कॅटकॉन मी कोड बघून बदलला. ऑईल थोडं खाते हे त्यांनी मला सांगितलं होतं, पण 'जुनी गाडी आहे, खायचीच' म्हणून मी ते कानाआड केलं. नवा डबा सात महिन्यांत पुन्हा मेला. तेव्हा मी इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवलं. सील इतकी कडक झाली होती की बोटाने दाबल्यावर प्लास्टिकच्या झाकणासारखी तडकली. दुसऱ्या डब्याचे पैसे मी त्यांच्याकडून घेतले नाहीत, पण त्या माणसाचे महिनाभर हाल झाले ते कशाने भरून निघणार? तेव्हापासून मी ऑईलचा प्रश्न विचारल्याशिवाय कॅटकॉनला हात लावत नाही.

प्लग, कॉइल आणि सील यांचा निकाल लागल्यावर कोड पुसा आणि तीनशे-चारशे किलोमीटर चालवा. दिवा आला नाही तर देवाला नमस्कार करा आणि विषय सोडा. पी ०४२० पुन्हा आला तर खऱ्या तपासण्या आता सुरू होतात.

आधी सायलेन्सरची गळती बघायची. सकाळी थंड गाडी चालू करा, बॉनेट उघडून मॅनिफोल्डकडे, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर आणणाऱ्या नळ्यांकडे, कान द्या. बारीक 'फुस फुस' आवाज येतो का? गाडी तापल्यावर धातू फुगून फट बंद होते आणि आवाज नाहीसा होतो, म्हणून हे सकाळीच करायचं. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. चांगल्या कॅटकॉनवर यामुळे ठपका आलेला मी पाहिलाय. पाच-सहाशेचं गॅस्केट असतं ते.

मग दोन ऑक्सिजन सेन्सर. एक कॅटकॉनच्या आधी, एक नंतर. पी ०४२० कोड सगळा या दोघांच्या तुलनेवर उभा आहे. साध्या प्रकारच्या पुढच्या सेन्सरचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखा वर-खाली नाचतो, तो नाचलाच पाहिजे. चांगल्या कॅटकॉनमध्ये वीट ऑक्सिजन साठवते-सोडते, त्यामुळे मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास शांत बसतो. लेप मेला की मागचाही पुढच्यासारखाच नाचायला लागतो. हे बघायला मोठं मशीन लागत नाही. हजार रुपयांच्या आसपास मिळणारी ब्लूटूथची खुंटी स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावली की मोबाइलवर दोन्ही आलेख दिसतात. गाडी चांगली तापवा, अडीच हजार आरपीएमला दोन-तीन मिनिटं धरा, मग त्याच आरपीएमला बघा. मागची रेघ सपाट असेल तर कॅटकॉन जिवंत आहे, कोड दुसऱ्या कशाने आलाय. एकदम सपाट, अगदी हलतच नाही असं असेल तर मागच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली नाही ना, तेही बघा. रेस एकदम सोडली की त्या रेघेने खाली यायला हवं.

त्याच मोबाइल ॲपमध्ये 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' असा आकडा असतो, कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी सोडतोय त्याचा. तो प्लसमध्ये पाच-सात दिसला तर घाबरू नका. पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तुमची गाडी त्या आधीची आहे, आणि इथेनॉलला पेट्रोल थोडं जास्त सोडावं लागतं. कॉम्प्युटर तेवढंच करतोय. प्लस पंधरा-वीस दिसलं तर मात्र हवेची गळती शोधा.

वीट तुंबली आहे का, याची परीक्षा वेगळी. इन्टेकच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या, नळीला व्हॅक्यूम गेज लावायचं. समुद्रसपाटीला आयडलवर १७ ते २१ इंच दाखवतं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो, म्हणजे कराडला दोनेक इंच कमी धरा. आता रेस अडीच हजारला धरून ठेवायची. काटा आधी खाली येऊन परत वर गेला आणि टिकला तर मार्ग मोकळा. धरून ठेवल्यावर काटा हळूहळू घसरतच राहिला तर पुढे कुठेतरी बूच बसलंय. पक्कं करायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या भोकात दाबाचं गेज बसवतात. आयडलला दीड पीएसआयच्या आत, अडीच हजारला तीन पीएसआयच्या आत हवं. गेज नसलेले जुने फिटर तो सेन्सर नुसता काढून गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणतात. आवाज कानठळ्या बसवतो, पण पिकअप परतला तर तुंबल्याचं कळतं. हे मी फार उत्साहाने सुचवत नाही, कारण त्या भोकातून येणारी आग जवळच्या वायरी वितळवते. केलंच तर एकच छोटी चक्कर.

कॅटकॉनच्या पुढे-मागे तापमानाचं पिस्तूल लावून मागची बाजू जास्त गरम आहे का बघण्याची पद्धत तुम्हाला कुणी सांगेल. मिसिंग नसलेल्या, नीट चालणाऱ्या इंजिनात कॅटकॉनला जाळायलाच फारसं उरत नाही, त्यामुळे चांगला कॅटकॉनही कमी फरक दाखवतो. फक्त त्या आकड्यावर ३८ हजार घालू नका.

आता फोडून रिकामा करण्याबद्दल. ताई, हे करू नका, आणि हे मी कळकळीने सांगतोय. दिवा कायमचा लागून राहील, आणि मग दुसरा काही बिघाड झाला तरी तुम्हाला नवीन काही कळणार नाही. पीयूसी कुठल्याच केंद्रावर सरळ मार्गाने पास होणार नाही, आणि प्रदूषणाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे. २०२८ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील, पुन्हा नोंदणीसाठी आरटीओत तपासणीला न्यावी लागेल, तेव्हा हा रिकामा डबा आडवा येईल. मग कुणी म्हणेल, मागच्या सेन्सरखाली एक बुश बसवतो, सेन्सर धुरापासून बाहेर सरकला की दिवा बंद. दिवा बंद होईल, धूर तोच राहील. तुम्ही शाळेत शिकवता. सकाळी फाटकासमोर पोरांना सोडायला आलेल्या गाड्यांची रांग असते, त्या रांगेत सायलेन्सरच्या नळीची उंची पहिलीतल्या मुलाच्या नाकापासून फार खाली नसते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. ते काम ज्या विटेने करायचं ती आपल्या हाताने फोडून कचऱ्यात टाकायची, हे माझ्या मनाला पटत नाही.

कॅटकॉन साफ करायच्या बाटल्या मिळतात, पेट्रोलमध्ये ओतायच्या. वितळलेली वीट त्याने उघडत नाही, फॉस्फरसचा थर त्याने निघत नाही. ते पैसे प्लगना द्या.

सगळं करून शेवटी कॅटकॉन खरंच गेला असं ठरलं, मागची रेघ नाचतेय आणि गरम गाडीची पीयूसीसुद्धा नापास, तर नवा घ्याच. पण स्वस्तातला, बिननावाचा, कुठल्याही गाडीला जोडता येणारा डबा घेताना विचार करा. त्यात धातूंचा लेप पातळ असतो, वर्ष-दोन वर्षांत तोच कोड परत येतो. गाडीच्या मूळ भागाचा क्रमांक सांगून दोन-तीन ठिकाणी दर काढा, ३८ हजारांत जोडणी, गॅस्केट, मजुरी धरली आहे का ते लेखी घ्या. बसवताना सेन्सरजवळ साधा सिलिकॉनचा चिकट लावू देऊ नका, त्याची वाफ सेन्सरला मारते. आणि बॅटरी वेळेवर बदला. ढकलून चालू करताना न जळलेलं पेट्रोल गुळण्या भरून कॅटकॉनमध्ये जातं. गेल्या पावसाळ्यातल्या त्या चार-पाच धक्क्यांनी किती नुकसान केलं हे मोजता येणार नाही, पण पुन्हा तशी वेळ आली तर ढकलण्याऐवजी शेजाऱ्याच्या बॅटरीला जंपर लावा.

मिसिंग मिटेपर्यंत आणखी एक काळजी. घाट चढून आल्यावर गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका. खालचा डबा तेव्हा इतका तापलेला असतो की गवत पेट घेतं.

प्लग काढाल त्या दिवशी वर्तमानपत्रावर मांडलेल्या चौघांचा फोटो आणि गरम गाडीची नवी पीयूसी पावती मला पाठवा. पुढचं मी त्यावरून सांगेन. आणि कॅटकॉन बदलायची वेळ आलीच, तर जुना डबा गॅरेजमध्ये ठेवून येऊ नका. मेलेल्या विटेतही प्लॅटिनम-पॅलेडियम बरंचसं उरलेलं असतं आणि भंगारवाला त्याचे चांगले पैसे मोजतो. 'ताई, हे कशाला घेऊन जाता' असं कुणी म्हणालं तरी तो डिकीत टाकून घरी आणा.